दावं हाताला गुंडाळू नका: गुरांसोबत रोज राबणाऱ्यांसाठी

माझ्या उजव्या हाताची करंगळी पूर्ण वाकत नाही. सहा वर्षांपूर्वीच्या जूनमधली गोष्ट. चंद्री ही आमच्या गोठ्यातली सगळ्यात गरीब गाय, लेकरं तिच्या गळ्यात हात घालायची. सकाळी तिला टाक्यावर पाणी पाजायला नेत होते. दावं तळहाताला दोन वेढे देऊन धरलेलं. शेजारच्या कुटाराच्या ढिगावरची ताडपत्री वाऱ्यानं सुटली होती. चंद्री चार पावलं आधीच थांबली, मान वर केली, दोन्ही कान ताडपत्रीवर रोखले आणि नाकातून जोरात श्वास सोडला. दुधाच्या गाडीची वेळ झाली होती, म्हणून मी दावं ओढलं. तेवढ्यात ताडपत्री फडफडली आणि गाय उधळली. पंधरा-वीस फूट फरफटत गेले. वेढे सुटले तेव्हा करंगळी उलटी झाली होती.

सासूबाई धावत आल्या. माझा हात बघितला, चंद्रीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "थे तुले कवाची सांगून रायली होती, तूच आयकलं नाही."

हा लेख मी त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे. नागपूरजवळ कळमेश्वर तालुक्यात आमचा गोठा आहे. चार संकरित गाई, तीन गवळाऊ, दोन नागपुरी म्हशी आणि एक बैलजोडी. मारक्या जनावराजवळ माणूस जपूनच जातो. हातपाय मोडतात ते गरीब जनावराजवळ, रोजच्या कामात, हजार वेळा केलेलं काम हजार-एकाव्या वेळी करताना. गावात मी पाहिलेले बहुतेक अपघात असेच झाले.

गोठ्यात शिरण्याआधी

गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता तिला ३०० अंशांहून जास्त दिसतं, म्हणजे जवळजवळ चहूकडचं. दिसत नाही ते फक्त अगदी मागचं आणि नाकाच्या अगदी पुढचं. शिवाय खोली नीट कळत नाही. जमिनीवरची सावली, ओली नाली, लटकती साखळी, दारात पडलेला पाइप, हे सगळं तिला खड्ड्यासारखं वाटू शकतं. ती अडून बसली म्हणजे माजली असं नव्हे. तिच्या डोक्याच्या उंचीवर वाकून समोर बघा, बहुतेक वेळा कारण सापडतं.

म्हणून पहिली सवय आवाजाची. दारातूनच बोलत आत या. आमचे मामंजी शिरताना नेहमी एकच शीळ घालायचे, सगळी ढोरं माना वळवायची आणि मगच ते पुढे व्हायचे. मागून गुपचूप जाऊन पुठ्ठ्यावर थाप मारू नका. खांद्याच्या बाजूनं जा, हात आधी खांद्यावर ठेवा, मग हात न उचलता पाठीवरून मागे न्या. हात कुठे आहे हे तिला सतत कळत राहिलं की ती दचकत नाही.

दुसरी सवय वाटेची. कुठलंही काम सुरू करताना स्वतःला विचारा, हिनं आत्ता अंग टाकलं तर मी कुठून निघणार? गाय आणि भिंत यांच्या मधे जाऊ नका. संकरित गाय चार-साडेचार क्विंटलची असते, नुसती माशी उडवायला बाजूला सरकली तरी बरगड्या मोडू शकतात. गोठा नवीन बांधत असाल तर कुंपणात सव्वा फुटाची एक उभी फट ठेवा. माणूस आडवा होऊन निघतो, मोठं जनावर अडकतं. गवंडी हसेल, तरी ठेवा.

आणि पायात बूट. शेण-मुताची ओली फरशी आणि गुळगुळीत झालेली चप्पल, गोठ्यात घसरून पडण्याचं याहून मोठं कारण मला माहीत नाही. शहाबादी फरशी दिसायला छान, पण त्यावर माणूसही घसरतो आणि गायही, आणि घसरणारी गाय कोणावर पडेल याचा नेम नाही. काँक्रीटला खाचा पाडून घ्या किंवा रबरी मॅट टाका.

जनावर काय सांगतं ते वाचायला शिका

शांत गाय रवंथ करते, कान सैल असतात, शेपूट माशा हाकण्यापुरती हलते. बिघडायला लागलं की आधी रवंथ थांबते. मग कान एका दिशेला रोखले जातात. डोळ्याचं पांढरं दिसू लागतं. शेपूट पायांच्या मधे दाबली जाते किंवा जोरजोरात फटकारली जाते. मागचे पाय जागच्या जागी बदलायला लागले की लाथ येणार असं समजा. ही खूण सगळ्यात उपयोगाची आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाणारी.

लाथेबद्दल एक गैरसमज आहे. घोडा सरळ मागे झाडतो. गाय पाय आधी पुढे घेते आणि मग बाजूनं गोल फिरवत मागे नेते. त्यामुळे "मी मागे नाही, बाजूला आहे" असं म्हणून निश्चिंत राहता येत नाही. एकतर अंगाला अगदी खेटून, खांद्याजवळ राहा, म्हणजे लाथेला जोर धरायला जागा मिळत नाही. नाहीतर सहा-सात फूट लांब राहा. मधलं अंतर सगळ्यात वाईट.

बसलेल्या गाईच्या तोंडापुढे वाकून काही उचलू नका. उठताना गाय मागचे पाय आधी उचलते आणि त्यासाठी डोकं जोरानं पुढे झोकते. आमच्या सालदाराचे दोन दात असे गेले. तो गव्हाणीखालची बादली काढत होता आणि गाय बिचारी नुसती उठत होती.

दावं, वेसण, गाठ

इथे मी थोडी जास्त बोलणार आहे.

दावं हाताला, मनगटाला किंवा कमरेला कधीही गुंडाळू नका. जास्तीची दोरी हवीच असेल तर तिची नागमोडी घडी करून मुठीत धरा, वेढे घालू नका. जनावर उधळलं तर मूठ उघडली की घडी आपोआप सुटत जाते. वेढा मात्र आवळतो. गाय पळाली तर संध्याकाळपर्यंत सापडते. बोट तुटलं की तुटलं.

खुंट्याला बांधताना एका झटक्यात सुटेल अशीच गाठ मारा. दोरी खुंट्याभोवती घ्या, आणि शेवटच्या फासातून टोक आरपार ओवण्याऐवजी टोकाजवळची दोरी दुमडून तिची बाळी आत सारा आणि आवळा. मोकळं टोक ओढलं की गाठ सुटते. आवळताना फासात बोट राहणार नाही याकडे लक्ष द्या. जनावर नेमकं त्याच क्षणी मान मागे ओढतं. दावं इतकं लांब नको की पाय अडकेल. आणि गोठ्यात हाताला लागेल अशा उंचीवर, लेकरांच्या हाताला लागणार नाही असा, एक धारदार विळा टांगलेला असू द्या. गळफास बसलेल्या जनावराची गाठ सोडत बसायला वेळ नसतो.

चालवताना पुढून ओढत नेऊ नका, तुम्ही तिच्या पायात येता. खांद्याच्या थोडं पुढे, बाजूनं चाला. मोकळं जनावर हाकताना त्याच्या खांद्याची रेघ लक्षात ठेवा. तुम्ही खांद्याच्या मागे सरकलात की ते पुढे जातं, खांद्याच्या पुढे आलात की थांबतं किंवा वळतं. तुतारी, म्हणजे टोकदार काठी, टोचण्यापेक्षा हे कितीतरी लवकर काम करतं. गुरांना आपल्यापेक्षा बारीक आवाज जास्त टोचतात, शिट्ट्या आणि आरडाओरडा केला की काम वाढतं.

अडून बसली तर? थांबा. मनात तीसपर्यंत मोजा. तिला बघू द्या, हुंगू द्या. मी त्या दिवशी अर्धं मिनिट थांबले असते तर ताडपत्री खोचून पुढे गेले असते.

दूध काढताना

ज्या बाजूनं रोज दूध काढता तीच बाजू ठेवा. माणूस बदलायचा असेल तर नव्या माणसाला आठ दिवस नुसतं खाणं घालायला पाठवा. पाट किंवा छोटं स्टूल घ्या, मांडी घालून बसू नका, कारण मांडी घातलेला माणूस पटकन मागे सरकू शकत नाही. डोकं गाईच्या कुशीला हलकं टेकवून ठेवा. अंग ताठ झालं की आधी कपाळालाच कळतं. पदर किंवा ओढणी खोचून घ्या, शेपटीत किंवा शिंगात अडकते. शेपटीचा शेणानं भरलेला गोंडा डोळ्याला लागून बुबुळाला जखम होते, गोंड्याचे केस कापून लहान ठेवा.

रोज दूध देणारी गाय एकाएकी लाथ मारायला लागली तर मारू नका, सड बघा. कास गरम, कडक, दुधात गाठी असं दिसलं तर तो कासदाह आहे, लाथ दुखण्याची आहे. नखं वाढलेली असली तरी असंच होतं, पण ती आपली. औषधोपचार करताना कुणीतरी शेपूट मुळाशी धरून सरळ वर उचलली तर गाय लाथ कमी मारते. धरणाऱ्यानं बाजूला उभं राहायचं आणि शेपूट पिरगळायची नाही, मणका तुटतो.

नागपुरी म्हशीची शिंगं तलवारीसारखी लांब, चपटी, मानेवरून मागे खांद्यापर्यंत गेलेली असतात. पाठीवर माशी बसली आणि तिनं मान फिरवली की शिंगाचं टोक नेमकं दूध काढणाऱ्याच्या तोंडाच्या उंचीवर येतं. म्हणून म्हशीचं दावं दूध काढताना आखूड करा. पावसाळ्यात माशा वाढल्या की आम्ही संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करतो, पण तो पत्र्याच्या घमेल्यात, कुटारापासून लांब आणि माणूस हजर असतानाच. संकरित वासरांची शिंगं पहिल्या काही आठवड्यांतच डॉक्टरांकडून, भूल देऊन, जाळून घेता येतात.

व्यायलेली गाय आणि वार

तीच चंद्री, व्यायल्यावर तीन दिवस सासूबाईंशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही. आईचा स्वभाव बदलतो, हे गृहीत धरूनच वागा. वासराला हात लावायचा तर आधी गाय बांधा. गाय आणि वासराच्या मधे उभं राहू नका, वासरू तिच्या नजरेसमोरच ठेवा. आणि त्या दिवशी घरचा कुत्रा बांधून ठेवा. गाय कुत्र्यावर धावते, कुत्रा तुमच्या पायात येऊन लपतो, पुढचं सांगायला नको.

न दिसणारा धोका याहून मोठा आहे. वार, म्हणजे वासरामागून पडणारी पिशवी, अडकली की कोपरापर्यंत हात घालून ओढणारे लोक अजून गावोगाव आहेत. ब्रुसेलोसिस, म्हणजे गाभ पाडणारा संसर्गजन्य आजार, झालेल्या जनावराच्या वारेत, गर्भजलात आणि पडलेल्या गाभात ते जंतू खच्चून भरलेले असतात. हाताला बारीकशी चीर असली तरी शिरतात. माणसाला मग ताप येतो-जातो, रात्री घाम फुटतो, कंबर आणि सांधे धरतात, आणि महिनोन्महिने निदानच होत नाही, कारण डॉक्टरांना आपण गाईचं सांगतच नाही. ताप आठवडाभर टिकला तर "माझ्याकडे गुरं आहेत" हे वाक्य स्वतःहून सांगा.

गाभडलेल्या गाईचं सगळं लांब हातमोजे घालूनच उचला, चुना टाकून खोल पुरा, कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका. घरातल्या गर्भवतीला त्या गोठ्यात पाठवू नका. दूध उकळल्याशिवाय पिऊ नका, धारोष्ण दुधाचं कितीही कौतुक असलं तरी. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात याची लस मिळते, आयुष्यात एकदाच. ती जिवंत लस आहे. टोचताना सुई धरणाऱ्याला लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तोंडात हात घालण्याआधी

गाय लाळ गाळते आहे, गिळता येत नाही, आवाज घोगरा झालाय, सतत हंबरते आहे. लोक म्हणतात घशात काहीतरी अडकलं, आणि हात घालतात. आंब्याची कोय अडकलेली असू शकते, पण रेबीजही असाच दिसतो. कुत्रा चावलेला आपण पाहिलेला नसतो, कारण चावून आठवडे किंवा महिने उलटलेले असतात. अशा जनावराच्या तोंडात हात घालू नका, डॉक्टरांना बोलवा. घातलाच असेल तर साबणानं, वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करा. डोस अर्धवट सोडू नका. हा आजार लक्षणं दिसल्यावर बरा होत नाही. एवढ्यासाठी मी हा भाग प्रत्येक बचत गटाच्या बैठकीत बोलते.

जनावर अचानक मेलं आणि नाक, गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल तर फाशी रोगाची (अँथ्रॅक्सची) शंका धरा. चामडं काढू नका, चिरू नका, पशुवैद्यकाला कळवा. गोचीड बोटांनी चिरडू नका. २०२२ साली लम्पीनं आपल्याकडे गुरं गेली तेव्हा लोक गाईला हात लावायला घाबरत होते, पण लम्पी माणसाला होत नाही.

गवत कापणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसनं माणसं दगावली. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं तो होतो. पूर्ण बाह्या आणि बूट घालून जा, परत आल्यावर अंघोळ करा, कपडे गरम पाण्यात टाका. ताप आणि अंगावर काळी खपली असलेला चट्टा दिसला तर थांबू नका.

बैल आणि पोळा

रागावलेला बैल सरळ अंगावर येण्याआधी बहुतेक वेळा आडवा उभा राहतो, पाठ वर काढून आपला आकार दाखवतो. मग मान खाली, खुरानं माती उकरणं. आडवा दिसला तेव्हाच निघायचं. पाठ करून पळू नका, त्याच्याकडे बघत मागे-मागे सरका आणि कुंपण गाठा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावून "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच डफड्यांच्या आणि फटाक्यांच्या मधे उभं करतो. एरवी शेतात आपल्या एकाच जोडीदारासोबत डवरा, म्हणजे कोळपं, ओढणारा बैल तोरणाखाली पन्नास जोड्यांत उभा असतो. प्रत्येक बैलामागे एक जाणता माणूस असू द्या, मोरकी (तोंडाभोवतीची दोरी) आणि वेसण दोन्ही घाला, दोन जोड्यांत बंडी जाईल एवढं अंतर ठेवा. लेकरांना दोरी धरायला देऊ नका. त्यांचा तान्हा पोळा दुसऱ्या दिवशी आहेच, लाकडी नंदी घेऊन. फटाके नकोत, हे आमच्या गावानं बैठकीत ठरवलं आणि गेली तीन वर्षं पाळलं.

यंत्र, वीज, टाकी

कडबा कुट्टीवर हात जातो तो बहुतेक शेवटच्या मुठीला. शेवटची पेंढी हातानं ढकलू नका, पुढच्या पेंढीनं ढकला. लाइन गेली की आधी बटण बंद करा, मगच अडकलेला कडबा काढा. आपल्याकडे लाइन सांगून येत नाही. पदर, ओढणी, उपरणं काढून ठेवा.

पावसाळ्यात गाय गोठ्यात एकाएकी कोसळली तर धावत जाऊन हात लावू नका. आधी मेन स्विच पाडा. ओल्या फरशीत उतरलेला करंट गाईला माणसाआधी मारतो, आणि तिला सोडवायला जाणारा माणूस दुसरा ठरतो. अर्थिंग मृगाआधी तपासून घ्या.

गोबरगॅसच्या किंवा शेणाच्या बंद टाकीत उतरू नका, रिकामी दिसली तरी. आत विषारी वायू साचलेला असतो, वास येईनासा झाला म्हणजे तो गेला असं नव्हे. एक बेशुद्ध पडला म्हणून दुसरा उतरतो आणि दोघंही जिवानिशी जातात. साफसफाई बाहेरूनच करा.

चरायला गेल्यावर ढग गडगडू लागले की झाडाखाली उभं राहू नका. दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा, वीज जवळपास पडण्याची सूचना देतं.

लागलंच तर

शिंगाची किंवा खुराची जखम लहान दिसली तरी वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. शेणात धनुर्वाताचे जंतू असतात, जखमेला शेण किंवा चुलीतली राख लावू नका. पोट फाटून आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका. स्वच्छ ओलं कापड झाका, माणसाला गुडघे दुमडून झोपवा, पाणीसुद्धा पाजू नका, १०८ ला फोन करा.

आणि हे नीट वाचा. पोटात लाथ बसली, बाहेर ओरखडाही नाही, माणूस म्हणतो "काही नाही झालं". तासाभरानं चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, पोट कडक झालं किंवा डाव्या खांद्यात दुखायला लागलं, तर आत रक्तस्राव होत असू शकतो. अशा माणसाला गावात सलाइन लावून बसवू नका, थेट नागपुरात मेडिकल किंवा मेयो या मोठ्या सरकारी दवाखान्यांत न्या.

जनावरासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, फिरता पशुवैद्यकीय दवाखाना मागवता येतो. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखानाही आहे. १०८ आणि १९६२ हे दोन्ही आकडे आम्ही गोठ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला लाल ऑइलपेंटनं हातभर मोठे लिहिलेत, सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता येतील एवढे. त्याखालीच खिळ्याला तो विळा टांगलेला असतो.